आवक क्रमांक

पूर ओसरल्यावर तलाठी आला
तेव्हा शामरावनगरातल्या आमच्या भिंती पाझरत होत्या.
पंचनाम्यात त्याने लिहिलं: फ्रिज एक, गाद्या दोन,
शिलाई मशीन एक, गाळाने भरलेलं.
मग पेन थांबलं.
"घर तुमच्या नावावर. आणि ह्या कोण?"
नऊ वर्षं माझ्या ताटात जेवलेली त्रिशला
त्या दुपारी माझी भाडेकरू झाली.

भांडण तिथून सुरू झालं.
झेंडा फार नंतर आला.
तो तिने त्याच मशीनवर शिवला,
जांभळं कापड मिळेना म्हणून
वांगी रंगाचा ब्लाउजपीस लावून.

त्रिशला नर्स. पाठांतर पक्कं.
समवर्ती सूची, नोंद पाचवी, विवाह आणि घटस्फोट,
भाकरी थापता थापता म्हणायची, पाढा म्हणावा तसं.
"राज्याला पण कायदा करता येतो गं मालन,
कुणी मांडला तर."

कुणी मांडला तर.
म्हणून सह्या. मी मार्केट यार्डात पावत्या लिहिते,
सौदा उरकल्यावर हळद निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसले.
मैमुना शिकलगार म्हणाली, "ह्यानं हुईल काय नक्की?"
म्हटलं, उद्या मी मेले
तर हिला घरातनं कुणी बाहेर काढणार नाही.
"एवढंच? मग आण की हिकडं."
मी शाईचा पॅड उघडेपर्यंत
कागदावर अंगठे उमटलेसुद्धा, पिवळेधमक.
घरी त्रिशला ते बघून हसत सुटली:
"हळद लागली की आपल्याला,
आणि ती पण सरकारी कागदावर!"

सगळ्यांनी नाही दिले.
सख्ख्या भावाने कागद उलटा करून
बोटाचा चुना पुसला त्याला.
तोही कागद मी जोडलाय. पान सतरा.

विश्रामबागच्या संपर्क कार्यालयात आम्ही चौघं.
कवठेमहांकाळहून एकाच एसटीने आलेले दोघे,
एक मास्तर, एक द्राक्षबागेत औषध मारणारा,
बाकावर मध्ये दोन माणसांची जागा सोडून बसलेले.
साहेब म्हणाले, हा केंद्राचा विषय.
त्रिशला म्हणाली, नोंद पाचवी.
साहेब म्हणाले, अधिवेशन लहान असतं हो.
चहा आला.
साहेब म्हणाले, आणि आपल्या भागात असलं हाय तरी कोण?
मास्तर खोकला.
औषध मारणारा उठून उभा राहिला.
बोलला काहीच नाही, नुसता उभा,
हातातल्या कपाला बशी लागून आवाज येत होता.
मग मास्तरही उठला
आणि मधली जागा तेवढी रिकामी दिसायला लागली.

डिसेंबरात नागपूरचं कामकाज मी मोबाइलवर ऐकलं,
एका कानाने, दुसऱ्या कानात हळदीचे भाव.
कधी गोंधळ, कधी घोषणा, कधी अभिनंदनाचा ठराव.
शेवटच्या दिवशी तहकूब.
आमचं नाव यायचं तर राहोच,
आमच्या नावाने कुणी हसलंसुद्धा नाही.

जानेवारीत परत गेलो.
सर्जेराव म्हणून त्यांचे स्वीय सहायक आहेत,
त्यांनी नोंदवही उघडली, शिक्का मारला.
आवक क्रमांक चारशे अठरा.
इतक्या वर्षांत आम्हा दोघींना मिळून
सरकारने दिलेला हा पहिला आकडा.
फाटकापर्यंत ते मागून आले.
"माझा भाचा पुण्याला असतो," म्हणाले,
आणि पुढचं वाक्य सापडेना त्यांना.
आमच्या गाडीच्या सीटवरची धूळ पुसत राहिले रुमालाने.
मग म्हणाले, "मंगळवारी येत जावा.
मंगळवारी साहेब निवांत असतात."

घरात भिंतीवर पुराची रेघ आहे, खांद्याएवढी.
तिच्या वर वीतभर फळी ठोकलीय, फाइल तिथे.

आज सोमवार. झेरॉक्सचे चार संच,
मास्तरला फोन, पाव किलो भडंग वाटेत खायला.
त्रिशलाची नाइट आहे. सकाळी येईल, आडवी होईल.
तिला मी लगेच उठवणार नाही,
साहेब अकराच्या आत येत नाहीत.